जुनी बोट-मोटार आणि वायरमधला दोष : 'शोधायचं कसं' शिकवणारा एक पाठ



आठवीला 'धाराविद्युत आणि चुंबकत्व' शिकवताना आपण फळ्यावर घट, दिवा, कळ आणि वायर अशी आकृती काढतो. मुलं ती वहीत सुंदर उतरवून घेतात. त्याच मुलांच्या हातात न पेटणारी टॉर्च द्या. सेल बदलतात, दोनदा आपटतात आणि "सर, बिघडली" म्हणून परत देतात. कारण आकृतीतली वायर कधी जुनी होत नाही. तिला गंज लागत नाही, तिचं आवरण तडकत नाही. खऱ्या यंत्रातल्या वायरचं हे सगळं होतं आणि तिथे दोष शोधावा लागतो.

हे शोधणं शिकवायला मी एक मजेदार यंत्र निवडलं आहे : पन्नास-साठ वर्षांपूर्वीची, होडीच्या मागच्या फळीवर अडकवायची आउटबोर्ड मोटार. वर्गात ती आणायची गरज नाही. तिची गोष्ट आणि तिच्यातला तर्क पुरेसा आहे. ज्यांच्या घरी अशी मोटार खरोखर पडून आहे, त्यांनाही हा लेख उपयोगी पडेल.

अध्ययन निष्पत्ती

- परिपथ, सुवाहक, रोधक आणि रोध या संकल्पना खऱ्या यंत्रात ओळखणे.
- अंदाजाने भाग न बदलता क्रमाने दोष शोधणे.
- 'नुसतं तपासणं' आणि 'काम करताना तपासणं' यांतला फरक सांगता येणे.

१. यंत्राची ओळख

नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड यांनी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९०९ साली आपली आउटबोर्ड मोटार विक्रीला आणली. तळ्याकाठच्या सहलीत होडी वल्हवत आइस्क्रीम आणताना ते उन्हात वितळलं आणि त्यातून ही कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. मुलांना ती फार आवडते. पुढे एव्हिनरूड आणि जॉन्सन ही दोन्ही प्रसिद्ध नावं एकाच कंपनीकडे आली. त्यामुळे १९५० ते १९७० च्या काळातल्या या दोन्ही नावांच्या कितीतरी लहान मोटारींची ठिणगीची व्यवस्था जवळजवळ सारखीच आहे. आपण तीच उदाहरण म्हणून घेऊ. एव्हिनरूड नावाच्या मोटारींचं उत्पादन २०२० मध्ये थांबलं, पण जुन्या मोटारी जपणारे लोक आजही त्या चालवतात.

आपल्याकडे मालवण, देवगड, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर लहान होड्यांना आउटबोर्ड इंजिन दिसतात. ती बहुतेक नव्या पद्धतीची असतात. आत पॉइंट-कंडेन्सर नसतो. पण खारी हवा, हादरे आणि गंज तोच आहे, त्यामुळे शोधण्याची रीतही तीच लागू पडते.

२. दोन वेगळे परिपथ

पहिला परिपथ ठिणगीचा. याला बॅटरी लागत नाही. वरच्या जड चाकात, म्हणजे फ्लायव्हीलमध्ये, चुंबक बसवलेले असतात. दोरी ओढली की चाक फिरतं, चुंबक कॉइलजवळून जातात आणि कॉइलमध्ये वीज निर्माण होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. पॉइंट उघडले की कॉइलच्या जाड गुंडाळीतला प्रवाह एकदम तुटतो आणि बारीक गुंडाळीत हजारो व्होल्टचा झटका तयार होतो. तो प्लगच्या टोकाशी ठिणगी पाडतो. पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी उडून वीज वाया जाऊ नये, हे कंडेन्सरचं काम. या सगळ्या जोडणीला मॅग्नेटो म्हणतात. जुनी लुना किंवा जुनी स्कूटर दुरुस्त करणाऱ्या काकांना विचारा, कॉइल-पॉइंट-कंडेन्सर हे शब्द ते झोपेतही सांगतील.

दोन सिलिंडरच्या मोटारीत हा संच दुहेरी असतो : दोन कॉइल, दोन पॉइंट, दोन कंडेन्सर, दोन प्लग. हे लक्षात ठेवा, पुढे याचाच फायदा घ्यायचा आहे.

दुसरा परिपथ स्टार्टरचा. तो किल्लीने चालू होणाऱ्या मोटारींनाच असतो. १२ व्होल्टची बॅटरी, जाड केबल, फ्यूज, किल्ली, सोलेनॉइड आणि स्टार्टर मोटार असा त्याचा प्रवास.

मोटार बंद पडली की पहिला प्रश्न हाच : दोष कुठल्या परिपथात? स्टार्टर फिरत नाही पण दोरी ओढली की मोटार सुरू होते, याचा अर्थ ठिणगी ठीक आहे. स्टार्टर गरगर फिरतो पण मोटार पेट घेत नाही, तर बॅटरीच्या मागे लागण्यात अर्थ नाही. एका प्रश्नात अर्धं यंत्र बाजूला झालं!

३. वायर जुनी होते म्हणजे काय होतं?

मुलांना इथे कल्हईची आठवण करून द्या. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई नसेल तर आंबट पदार्थ कळकतो आणि भांड्यावर हिरवट थर येतो. वायरमधलं तांबंही असंच हिरवं-काळं पडतं. खारट ओलावा वायरच्या उघड्या टोकातून आत शिरतो आणि आवरणाखाली पुढे सरकत जातो. वरून वायर धडधाकट दिसते, सोलून बघावं तर आत काळी. म्हणूनच होडीसाठी कथिलाचा मुलामा दिलेली तार वापरतात. ही वायरची कल्हईच!

दुसरा शत्रू उष्णता आणि तेल. जुन्या मोटारींत रबराची, काही ठिकाणी सुती वेष्टनाची वायर असे. रबर कडक होऊन तडकतं.

तिसरा शत्रू हालचाल. या मोटारींत वेग वाढवताना फ्लायव्हीलखालची पाटी थोडी फिरते, म्हणजे ठिणगी योग्य क्षणी पडते. त्या पाटीवरून बाहेर येणाऱ्या वायरी दरवेळी वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. वर्षानुवर्षं तेच. तार तुटते किंवा आवरण घासून उघडं पडतं ते बऱ्याचदा याच जागी. तेव्हा डोळ्यांनी पाहणी करताना सुरुवात इथून करा.

४. उलट्या स्वभावाची वायर

या पाठातला माझा सर्वांत आवडता भाग हा. घरातल्या दिव्याची वायर तुटली तर दिवा लागत नाही. मग मोटार थांबवण्याच्या बटणाची वायर तुटली तर काय होईल? बहुतेक मुलं म्हणतात, "मोटार बंद पडेल." प्रत्यक्षात मोटार बंदच होणार नाही!

मॅग्नेटो स्वतःच वीज तयार करतो. त्याला थांबवायचं तर ती वीज प्लगपर्यंत पोचण्याआधी मोटारीच्या धातूच्या अंगाला जोडून द्यावी लागते. थांबवण्याचं बटण तेवढंच करतं. म्हणून या एका वायरचे दोन दोष दोन टोकांचे आहेत :

- वायर तुटली : बटण दाबूनही मोटार थांबत नाही. माणूस पाण्यात पडलेला असताना हे जीवघेणं आहे.
- वायरचं आवरण घासून तार धातूला टेकली : कुणी बटण दाबून धरल्यासारखी स्थिती. ठिणगीच पडत नाही. लोक कॉइल बदलतात, प्लग बदलतात, शेवटी मोटार भंगारात देतात. दोष असतो वीतभर वायरचा.

यातून एक ताकीदही निघते. साध्या, बॅटरीवर ठिणगी देणाऱ्या गाडीची किल्ली चालू केली की वीज जोडली जाते. मॅग्नेटोची किल्ली थांबवताना जोडते. म्हणून गाडीच्या दुकानातून मिळेल ती किल्ली आणून इथे बसवू नये. बॅटरीचे १२ व्होल्ट मॅग्नेटोच्या वायरीत शिरले तर कॉइल आणि पॉइंट जळू शकतात.

५. ठिणगी शोधण्याचा क्रम

आधी मोबाईलवर फोटो काढा, प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून क्रमांक द्या आणि वहीत आकृती काढा. जुन्या वायरींचे रंग उडालेले असतात, नुसत्या स्मरणावर विसंबू नका. मग :

१. दोन्ही प्लग काढा आणि दोन्ही वायरींना ठिणगी-परीक्षक लावा. तो मोटारीच्या धातूला नीट जोडा आणि प्लगच्या भोकांपासून दूर ठेवा, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. दोरी जोरात ओढल्यावर ठिणगीने उघड्या हवेत साधारण ६ मिलिमीटर अंतर उडी मारून पार केलं पाहिजे.

२. एका बाजूला ठिणगी आहे, दुसरीला नाही? मग दोष त्या बाजूच्या स्वतःच्या कॉइल, पॉइंट, कंडेन्सर किंवा प्लगच्या वायरीत. दोन्हीकडे नाही? मग आधी दोघांत सामाईक असलेली गोष्ट बघा : थांबवण्याची वायर, तिचं बटण किंवा किल्ली.

३. थांबवण्याची वायर मॅग्नेटोपासून सोडवा आणि पुन्हा दोरी ओढा. ठिणगी परत आली तर दोष त्या वायरीत किंवा बटणात. नाही आली तर फ्लायव्हीलच्या खाली. ही वायर सोडवलेली असताना मोटार सुरू करू नका, फक्त ठिणगी बघा.

४. फ्लायव्हील काढायला त्याचा पुलरच लागतो. हातोड्याने ठोकू नये. खाली पॉइंट दिसतील. मोटार कित्येक वर्षं पडून असेल तर त्यांच्या तोंडावर अदृश्य थर बसलेला असतो. तो साफ करून पूर्ण उघडल्यावरचं अंतर या मोटारींना ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर ठेवतात. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत आकडा पडताळून घ्या.

५. कॉइलचं अंग निरखून बघा. या काळातल्या कॉइलींचं आवरण तडकणं हा नेहमीचा दोष आहे. भेगेतून वीज बाहेर पळते आणि प्लगपर्यंत पोचत नाही.

६. तरीही शंका असेल तर कंडेन्सरची अदलाबदल करा. डावीकडचा उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे. दोष बाजू बदलून गेला तर गुन्हेगार सापडला. दोष जागेवरच राहिला तर कंडेन्सर निर्दोष. मग हाच प्रयोग कॉइलवर. पैसे न खर्चता पुरावा मिळाला!

नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि मोटार चालू झाली, तर काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही.

६. मीटर बरोबर, निष्कर्ष चूक

आता स्टार्टरकडे. किल्ली फिरवली की 'टक्' आवाज येतो आणि पुढे काही नाही. मल्टिमीटर लावला तर स्टार्टरच्या केबलपर्यंत, म्हणजे सोलेनॉइडच्या बॅटरीकडच्या टोकाला, १२.६ व्होल्ट दिसतात. मग बहुतेक जण म्हणतात, "वीज तर येतेय, स्टार्टरच गेला."

जरा थांबा आणि मुलांना हे गणित घाला. समजा स्टार्टरला १०० अँपिअर प्रवाह लागतो आणि केबलच्या गंजलेल्या जोडात फक्त ०.०५ ओहम रोध आहे. ओहमच्या नियमाने त्या जोडावर १०० × ०.०५ = ५ व्होल्ट खर्च होतील. स्टार्टरच्या वाट्याला साडेसात व्होल्टच्या आसपास उरतील. शिवाय त्या जोडात ५ × १०० = ५०० वॅट उष्णता तयार होईल. किल्ली दोन-तीन सेकंद फिरवल्यावर जो जोड गरम लागतो, तोच बहुधा चोर.

मग मीटरला हे का दिसलं नाही? कारण स्टार्टर थांबलेला असताना केबलमधून जवळजवळ प्रवाहच नव्हता. प्रवाह शून्य, तर जोडावरचा खर्चही शून्य. ०.०५ ओहम थेट मोजायला जावं तर साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त असतो.

म्हणून मोजायचं ते काम चालू असताना. मीटरचं एक टोक बॅटरीच्या धन खांबावर, दुसरं सोलेनॉइडच्या त्याच टोकावर, आणि एकाने किल्ली फिरवायची. आकडा शून्याच्या जवळ हवा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर त्या टप्प्यात दोष आहे. तसंच दुसऱ्या बाजूला : बॅटरीचा ऋण खांब आणि मोटारीचं धातूचं अंग. ही परतीची वाट लोक नेहमी विसरतात आणि गंज तिथेच जास्त सापडतो. किल्ली फिरवताना खुद्द बॅटरीवरचे व्होल्टही बघा. ते साडेनऊच्या खाली कोसळत असतील तर आधी बॅटरी तपासा.

वायर मोकळी असताना खोटं बोलते. भार टाकला की खरं सांगते.

७. वर्गात करायची कृती

साहित्य : दीड व्होल्टचे दोन सेल, टॉर्चचा तारवाला छोटा बल्ब (एलईडी नको), वायरचे तुकडे, दोन्ही टोकांना तासलेली पेन्सिल, मल्टिमीटर.

- सेल, वायर आणि बल्ब जोडा. बल्ब लागतो.
- बल्ब काढा. एका वायरच्या मध्ये पेन्सिलचं शिसं जोडा. हा आपला 'गंजलेला जोड'. बल्बच्या जागी मल्टिमीटर लावून व्होल्ट मोजा. जवळजवळ ३ व्होल्ट दिसतील. मुलांना विचारा, "आता बल्ब लागेल का?" हात वर करायला लावा आणि उत्तरं फळ्यावर लिहा.
- मल्टिमीटर तसाच ठेवून बल्ब जोडा. बल्ब मंद लागेल किंवा लागणारच नाही आणि मीटरचा आकडा धाडकन खाली येईल.
- शेवटी मीटरची दोन टोकं पेन्सिलच्या दोन टोकांना लावा. हरवलेले व्होल्ट तिथे सापडतील.

हा शेवटचा क्षण घाईत उरकू नका. "सर, व्होल्ट इथे लपलेत!" असं मुलांनाच म्हणू द्या.

८. आपल्यासाठी एक गोष्ट

वर्गात आपणही कधीकधी 'मोटार गेली'सारखाच निकाल देतो : "याला गणित येत नाही." ५२ – २७ चं उत्तर ३५ लिहिणारं मूल बघा. त्याला ५८ – २७ द्या. उत्तर बरोबर ३१ येतं. म्हणजे वजाबाकी येते, फक्त हातचा घेण्याची एक वायर तुटली आहे. एकक स्थानी लहान अंकातून मोठा जात नाही, म्हणून ते उलटं वजा करतं. सगळी वजाबाकी पुन्हा पहिल्यापासून शिकवायची गरज नाही. काड्यांचा एक गठ्ठा सोडून दाखवा.

आणि पाढे घडाघडा म्हणणारं मूल शाब्दिक उदाहरणात अडखळतं, तेव्हा ते १२.६ व्होल्ट आठवा. पाठांतर ही भाराशिवायची तपासणी आहे.

९. दुरुस्ती आणि सुरक्षितता

- बदलायची वायर बारीक तारांची, कथिलाचा मुलामा असलेली घ्या. घरातली एकतारी जाड वायर हादऱ्यांनी तुटते.
- प्लगची वायर तांब्याच्या गाभ्याची असावी.
- जोड नीट दाबून बसवा, वर आकसणारी नळी चढवा आणि हलत्या जागी वायरला थोडी ढील ठेवा.
- वायरींवर काम करताना बॅटरीची ऋण केबल आधी सोडा आणि शेवटी जोडा.
- पेट्रोलची टाकी दूर ठेवा, जागा हवेशीर असू द्या.
- मोटार कोरडी चालवू नका. खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवूनच सुरू करा, नाहीतर थंड पाण्याचा पंप खराब होतो.
- दुरुस्तीनंतर सर्वांत आधी थांबवण्याचं बटण तपासा. ते चालत नसेल तर होडी पाण्यात न्यायची नाही.
- मुलांनी फक्त दोन सेलचा प्रयोग करायचा. मॅग्नेटोच्या ठिणगीला आणि घरातल्या विजेच्या बोर्डाला हात नाही.

स्वाध्याय (मुलांसाठी)

१. थांबवण्याच्या बटणाची वायर तुटली तर मोटार का थांबत नाही? आकृती काढून सांगा.
२. दोनपैकी एकाच प्लगला ठिणगी येते. तपासायच्या चार गोष्टी क्रमाने लिहा.
३. ८० अँपिअर प्रवाह असताना जोडाचा रोध ०.०२ ओहम असेल, तर त्या जोडावर किती व्होल्ट खर्च होतील? (उत्तर : १.६ व्होल्ट)
४. घरातली बंद पडलेली टॉर्च किंवा सेलवरचं खेळणं घ्या. पालकांच्या मदतीने दोष शोधा आणि प्रत्येक पायरी वहीत लिहा. दोष सापडला नाही तरी चालेल. 'कुठे दोष नाही' याची यादीही पूर्ण उत्तर धरा.

पालकहो, चौथ्या प्रश्नासाठी एक रविवार द्या. आणि मूल चुकीच्या जागी शोधत असेल तरी बोट दाखवायची घाई करू नका. "आता काय तपासशील?" एवढंच विचारा.